दुर्मीळ आडनावाचा उगम आणि त्याची लोकसंख्या कशी शोधावी

एखादे आडनाव दुर्मीळ आहे असे म्हणताना दोन निरनिराळे प्रश्न मनात असतात: हे आडनाव आले कोठून, आणि ते लावणारी माणसे आज किती व कोठे आहेत. पहिल्याचा शोध दप्तरांत, वंशावळींत आणि शब्दाच्या इतिहासात घ्यावा लागतो. दुसऱ्याचा प्रामुख्याने मतदारयाद्यांत. हे दोन्ही शोध स्वतंत्रपणे करावेत, कारण उगमाची एखादी कथा आधीच मनात पक्की बसली की पुढे सापडणारा प्रत्येक आकडा आणि प्रत्येक कागद त्याच कथेला जुळवून वाचला जातो. या लेखात उदाहरणासाठी ‘डबीर’ हे आडनाव घेतले आहे. ते महाराष्ट्रात थोड्याच घरांत आढळते, आणि त्याचा माग साडेतीनशे वर्षांहून अधिक मागे नेता येतो.

आरंभ घरापासून

घरातल्या सर्वांत वयोवृद्ध माणसाकडून मूळ गाव, कुलदैवत, गोत्र किंवा देवक, आणि पणजोबांपर्यंतची नावे लिहून घ्यावीत. त्यानंतर जन्मपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, खरेदीखत, गहाणखत, वारसनोंद असे जे काही कागद घरात असतील त्यांत आडनाव नेमके कसे लिहिले आहे ते जसेच्या तसे उतरवावे. ते ‘शुद्ध’ करू नये. कुलदैवत आणि गोत्र किंवा देवक यांची विचारपूस अनेकांना अनावश्यक वाटते, पण दुर्मीळ आडनावाच्या बाबतीत तीच सर्वांत उपयोगी पडते. आडनाव एकच, परंतु कुलदैवत आणि गोत्र दोन्ही वेगळी, अशी दोन घराणी आढळली तर ती बहुधा एका मूळ पुरुषाची नव्हेत, आणि मग उगमही एक नसून दोन शोधावे लागतात.

शब्दाचा अर्थ आणि घराण्याचा उगम

मराठी आडनावांचा मोठा भाग गावांवरून आलेला आहे. ‘कर’ लागलेले आडनाव दिसले की त्या नावाचे गाव शोधावे हे उघड आहे. अडचण पुढे येते. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत महाराष्ट्रातील ४३ हजारांहून अधिक गावांची नावे तालुकावार दिलेली आहेत, आणि त्यांत वडगाव किंवा पिंपळगावसारखी नावे कितीतरी तालुक्यांत आढळतात. उलट आडनाव खरोखरच विरळ असेल तर त्याचे गाव आज नकाशावर नसण्याचीही शक्यता असते: ते कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली गेलेले असेल, किंवा महसुली भाषेत ‘बेचिराख’ म्हणून नोंदलेले असेल. वस्ती नसलेली गावेही या पुस्तिकांत स्वतंत्रपणे दाखवलेली असतात, त्यामुळे तो भाग गाळू नये. गावावरून जातीचा निष्कर्षही काढू नये. पेणकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावे कोकणातील बेने इस्रायली कुटुंबांतही आहेत आणि त्यांच्याबरोबर ती इस्रायलपर्यंत गेली आहेत.

दुसरा मोठा भाग हुद्द्यांवरून आलेल्या आडनावांचा. चिटणीस, फडणीस, पारसनीस, सबनीस यांच्या शेवटी असलेला ‘नीस’ फारसी ‘नविस’, म्हणजे लिहिणारा, यापासून आला. डबीर याच कुळातला शब्द आहे: फारसीत दबीर म्हणजे लेखनिक किंवा चिटणीस, आणि दख्खनच्या राजवटींत तो परराज्यांशी होणारा पत्रव्यवहार पाहणारा अधिकारी. शहाजीराजांच्या आणि पुढे शिवाजी महाराजांच्या सेवेतले सोनोपंत डबीर, आणि १६६६ साली महाराजांबरोबर आग्र्याला गेलेले त्र्यंबक सोनदेव डबीर ही या हुद्द्याची सर्वांना माहीत असलेली उदाहरणे होत. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांच्या फारसी पदव्यांऐवजी संस्कृत पदव्या रूढ झाल्या आणि डबिराचा ‘सुमंत’ झाला, तसा वाकनिसाचा ‘मंत्री’ आणि सुरनिसाचा ‘सचिव’ झाला.

येथपर्यंतची माहिती भक्कम आहे. घसरण यानंतर होते. आडनाव डबीर आहे म्हणून घराणे सोनोपंतांचे आहे, असे मानण्याचा मोह अनेकांना होतो. पण दबीर हा हुद्दा एका दरबारापुरता कधीच नव्हता. बंगालच्या हुसेनशाहाच्या दरबारात रूप गोस्वामी ‘दबीर खास’ होते, आणि लखनौचे प्रसिद्ध मर्सियाकार, म्हणजे शोककाव्ये रचणारे कवी, मिर्झा दबीर यांचे तर ते काव्यनाम होते. दख्खनमध्ये निरनिराळ्या दरबारांत हा हुद्दा असल्याने तो एकमेकांशी नाते नसलेल्या घराण्यांत आडनाव होऊन बसू शकतो. शब्दाच्या अर्थावरून हुद्दा कळतो, घराणे कळत नाही. घराणे सिद्ध करायचे तर आजच्या पिढीपासून एकेक पायरी मागे जात प्रत्येक पायरीला कागद दाखवावा लागतो, आणि जेथे कागद संपतो तेथे थांबावे लागते. माझ्या मते संशोधनाची खरी कसोटी हीच आहे.

कोणते कागद, आणि ते कसे वाचावेत

गावाचे नाव हाती आले की तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार, हक्क नोंदणी पत्रक आणि गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी पाहाव्यात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळे अशा असंख्य नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या आहेत, आणि त्यांचा उपयोग कोणत्याही जातीच्या कुटुंबाला होऊ शकतो. शाळेचे जनरल रजिस्टरही तितकेच महत्त्वाचे, कारण अनेक घरांत आडनाव कायमचे ठरले ते मुलाचे नाव शाळेत घालताना.

एकोणिसाव्या शतकातील या नोंदी बहुधा मोडी लिपीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, त्यामुळे डबिर आणि डबीर ही दोन रूपे वेगळी मानण्याचे कारण नाही. शब्द एकमेकांना जोडून लिहिलेले असतात. प्रथम ‘बिन’ हा शब्द शोधावा, कारण त्याच्या आधी मुलाचे आणि नंतर बापाचे नाव येते. ‘मौजे’ आणि ‘कसबे’ यांच्या पुढे गावाचे नाव असते. कागदावरचे वर्ष सुहूर कालगणनेचे असेल तर त्यात ५९९ किंवा ६००, फसली असेल तर ५९० किंवा ५९१, आणि शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवून इसवी सन काढावा. पुणे येथील भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतात. ज्याला हा शोध मनापासून करायचा आहे त्याने लिपी स्वतः शिकावी, हे मी आग्रहाने सांगेन.

जुन्या कागदांत आडनाव सापडले नाही म्हणून निराश होऊ नये. माणसाची ओळख त्या काळी स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि वतन किंवा गाव यांनी होत असे. अण्णाजी दत्तो किंवा मोरो त्रिमळ ही नावे तशीच आहेत. शिवाय आडनावे बदलत असत. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू आणि पेशव्यांचे भट होते, हे सर्वज्ञात आहे. म्हणून आडनावाऐवजी गाव आणि बापलेकांची जोडी यांचा माग काढावा.

घराण्याकडे इनाम किंवा वतन असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात शोध घ्यावाच. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनची चौकशी सुरू झाली तेव्हा इनामदारांना आपला हक्क दाखवण्यासाठी सनदा आणि वंशावळी सादर कराव्या लागल्या, आणि एकाच कागदात चार-पाच पिढ्या मिळण्याची सर्वाधिक आशा तेथे असते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावानुसार आणि आडनावानुसार यात्रेकरूंची नामावळ असते. कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या बाजूला हेळवी समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळत आली आहेत. त्यांच्याकडची नोंद अन्य कागदाशी ताडून घ्यावी, पण तिला कमी लेखू नये. गोव्यातील कुटुंबांसाठी कोमुनिदाद या जुन्या ग्रामसंस्थेच्या गावकर नोंदी आणि पणजीचे पुराभिलेखागार हे आरंभस्थान आहे.

माणसे मोजताना

भारतात आडनावांची सरकारी आकडेवारी प्रसिद्ध होत नाही. १८७२ पासूनच्या जनगणनांच्या तक्त्यांत धर्म, भाषा, वय, व्यवसाय आहेत, आडनाव नाही. १९३१ पर्यंत जातींचे आकडे प्रसिद्ध झाले, पण जात म्हणजे आडनाव नव्हे. घरोघरची मूळ माहिती १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीय आहे, त्यामुळे इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी जनगणनेची पाने खुली होतात तशी येथे होत नाहीत. अमेरिकेने मात्र २००० आणि २०१० च्या जनगणनेतील, शंभर किंवा त्याहून अधिक माणसांनी लावलेली आडनावे संख्येसह प्रसिद्ध केली आहेत. २०१० च्या यादीत अशी १,६२,२५३ आडनावे आहेत. तेथील मराठी कुटुंबांची संख्या पाहायला ही यादी उपयोगी आहे, मात्र शंभराच्या आतले आडनाव तीत दिसणार नाही.

जगभरातील आडनावांचे आकडे देणारी संकेतस्थळे लोक मोठ्या विश्वासाने उद्धृत करतात. भारतापुरते त्यांचे आकडे अंदाजी असतात आणि रोमन लिपीवर उभे असतात, हे विसरू नये. रोमन लिपीत काळे आणि काले एक होतात, डबीर आणि दबीर एक होतात, आणि दबीर हे व्यक्तिनाम किंवा अन्य देशांतील आडनाव असलेली माणसेही त्याच ढिगात पडतात. उलट फडणीस ‘पीएच’ने लिहिणारे आणि ‘एफ’ने लिहिणारे निराळे मोजले जातात. अशा आकड्यावरून दिशा मिळते. तो निष्कर्ष म्हणून छापू नये.

खरा आधार मतदारयादीचा. महाराष्ट्राची यादी मराठीत, देवनागरीत असते, मतदान केंद्रानुसार भागांत विभागलेली असते, आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. प्रत्येक चौकटीत मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असते. पीडीएफ चित्ररूपात असल्यामुळे त्यात शब्द टाकून शोधता येत नाही. पाने डोळ्यांनीच वाचावी लागतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार आणि एक लाखाहून अधिक मतदान केंद्रे होती, तेव्हा सर्व याद्या वाचणे एकट्याच्या आवाक्यातले नाही.

मग कोणत्या वाचायच्या? स्वैर नमुना घेऊन गुणाकार करण्याची पद्धत येथे चालत नाही. समजा, एखाद्या आडनावाचे राज्यात दीड हजार मतदार आहेत. हे प्रमाण पासष्ट हजारांत एक पडते. शंभर केंद्रांच्या याद्या, म्हणजे सुमारे ९७ हजार नावे वाचली तर सरासरी दीड मतदार सापडेल. प्रत्यक्षात एकही सापडणार नाही, किंवा चार जणांचे एखादे कुटुंब सापडेल, आणि हजाराने गुणल्यावर उत्तर एक तर शून्य येईल किंवा चार हजार. दुर्मीळ आडनावे विखुरलेली नसतात, गावागावांत गोळा झालेली असतात. म्हणून मूळ गाव, त्याच्या शिवेलगतची गावे, तालुक्याचे ठिकाण, आणि मग ज्या शहरांत भाऊबंद गेल्याचे माहीत आहे तेथील प्रभाग, असा क्रम ठेवावा. महाभूलेख या राज्याच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर गाव निवडून आडनावाने सातबारा शोधता येतो. कोणत्या गावाची मतदारयादी वाचावी हे ठरवण्याचा तो सर्वांत जलद मार्ग आहे. जुन्या दूरध्वनी सूची ग्रंथालयात मिळाल्या तर शहरांसाठी त्यांचाही आधार घ्यावा.

मोजणी सुरू करण्याआधीच व्याख्या ठरवावी. आडनाव लावणारी माणसे मोजायची असतील तर घरात आलेल्या सुना त्यात येतात आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या लेकी येत नाहीत. वंशज मोजायचे असतील तर याच्या नेमके उलट होते. दोन्ही संख्या योग्य आहेत, पण त्या एकमेकींत मिसळू नयेत. वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि घर क्रमांक यांवरून कुटुंबे जोडली की दुबार नोंदी आणि वारलेल्यांची राहून गेलेली नावे लक्षात येतात. यादीत अठरा वर्षांखालील मुले नसतात. राज्यात साधारण चार माणसांत तीन प्रौढ असल्याने मतदारसंख्येत तिचा एक तृतीयांश मिळवला की एकूण संख्येचा अंदाज येतो, पण ज्या घराण्यातली तरुण पिढी परदेशी गेली आहे तेथे ही भर कमी धरावी.

आकडा मांडण्याची रीत

निष्कर्ष लिहिताना आकड्याबरोबर प्रदेश, यादीचे वर्ष आणि वाचलेल्या भागांची संख्या अवश्य द्यावी. ‘जगात या आडनावाची इतकीच माणसे आहेत’ असे वाक्य लिहिण्याचा अधिकार कोणालाच नाही. ‘अमुक तालुक्यातील अमुक वर्षाच्या याद्यांत इतक्या कुटुंबांत मिळून इतके मतदार’ हे वाक्य मात्र पुढचा संशोधक तपासू शकतो आणि त्यात भर घालू शकतो. एकूण संख्येपेक्षा मला तालुकावार तक्ता अधिक मोलाचा वाटतो, कारण उगमाचा शोध अडला असेल तेथे तो मदतीला येतो: सर्वाधिक कुटुंबे ज्या तालुक्यात आहेत तेथील जुन्या दप्तरांकडे पुन्हा वळावे, आणि दोन दूरच्या तालुक्यांत दोन वेगळे पुंजके दिसले तर गोत्र-कुलदैवताच्या टिपणांशी ते ताडून पाहावेत.

हयात माणसांची नावे, वये आणि घर क्रमांक प्रसिद्ध करू नयेत. तक्त्यात तालुका आणि संख्या पुरेशी आहे. एखाद्या कुटुंबाने आडनाव सोडले असेल तर त्याची कायदेशीर नोंद महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाच्या भागात मिळू शकते, तीही संख्येपुरतीच वापरावी. मूळ टिपणे, कागदांच्या छायाप्रती आणि मोडीचे लिप्यंतर यांचा एक संच जिल्ह्याच्या ग्रंथालयात किंवा इतिहास मंडळात ठेवावा, आणि मतदारयाद्यांचे पुनरीक्षण झाले की त्याच भागांची मोजणी त्याच व्याख्येने पुन्हा करून नवा आकडा जुन्याशेजारी नोंदवावा.