गवत संपलं, बॅटरी सांभाळा
दिवाळीनंतर अंगणातलं गवत वाढायचं थांबतं आणि बॅटरीवरचा ग्रास कटर थेट पुढच्या जूनपर्यंत कोपऱ्यात पडतो. ठेवताना बॅटरी काढून घ्या. लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पार उतरवून ठेवली की लवकर म्हातारी होते. बॅटरीवरच्या चार्ज दाखवणाऱ्या 4 दिव्यांपैकी 2 लागतील एवढी, म्हणजे निम्मी चार्ज ठेवा. जागा घरातली, कोरडी. पत्र्याच्या शेडची मे महिन्यात भट्टी होते, तिथे नकोच. 2-3 महिन्यांनी दिवे बघा; एकच लागला तर थोडी भरा. आणि हो, कापून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जरला लावू नका, आधी चहा घ्या. पात्याखालचा हिरवा थर मात्र ओला असतानाच खरवडा, अर्थात बॅटरी काढून. वाळला की सिमेंटच!