स्वस्तात विकणं आणि दबकत सांगणं: या चुका टाळा

नवखा विक्रेता भाव ठरवतो तो शेजाऱ्याकडे बघून. तो १०० ला देतो ना, मग आपण ९० ला देऊ. झाला हिशेब!

आता खरा हिशेब बघा. वस्तू पॅकिंग आणि पोहोचवण्यासकट ६० ला पडते. १०० ला विकली तर ४० सुटतात, ९० ला विकली तर ३०. गिऱ्हाइकाला सूट १० टक्के, तुमच्या नफ्याला कात्री २५ टक्क्यांची. महिन्याला ३०० नगांत १२,००० सुटत होते, तेवढेच सुटायला आता ४०० नग खपवा. ८० ला दिलीत तर ६००. उलट ११० ला विकली तर २४० नगांतच काम होतं. भाव वाढवला की गिऱ्हाईक पळेल ही भीती सगळ्यांना असते, पण पाचातलं एक पळालं तरी चालतं हे कुणी मांडून बघत नाही.

पुढचं ठरलेलं असतं. शेजारी ८८ वर येतो. त्याची खरेदी घाऊक, त्याला वस्तू ५० लाच पडते, तो तग धरतो. नवखा ८५ वर उतरतो आणि खर्च वाचवायला पातळ खोका वापरतो. माल फुटून परत येतो. पैसे परत करावे लागतात, एका नगामागे ६० बुडतात, म्हणजे दोन-तीन नगांची कमाई गेली. मग भाव वाढवायला जावं तर जुनं गिऱ्हाईक म्हणतं, "मागच्या वेळी तर ८५ ला दिलं होतंत."

"आधी गिऱ्हाईक जोडू, भाव मग वाढवू" हा शॉर्टकट नाहीच. स्वस्तासाठी आलेलं गिऱ्हाईक त्याहून स्वस्त मिळालं की जातं.

कुणी कमी करा म्हणालं तर बदल्यात काहीतरी मागा: १० नग एकदम, पैसे आगाऊ, नाहीतर स्वतः येऊन घेऊन जा. काही न मागता भाव उतरवलात तर आधीचा भाव फुगवलेला होता, असंच त्याला वाटणार. आणि भाव सांगितल्यावर गप्प बसा. समोरचा बोलायच्या आत स्वतःच "बघू, कमी करू" म्हणणारे फार.

खर्चावर २५ टक्के चढवले म्हणजे विक्रीवर २५ टक्के सुटले, असं नाही. १०० चे १२५ केले आणि त्यावर २० टक्के सूट दिली, की हाती शून्य.

दुसरा रोग नम्रतेचा. "साधीच बॅग आहे, आवडली तर बघा." तुम्हीच साधी म्हणता, मग लोक कशाला बघतील? "उत्तम दर्जा, वाजवी किंमत" हेही तितकंच पोकळ. त्याऐवजी लिहा: "१५ इंची लॅपटॉप बसतो. पट्ट्याला दुहेरी शिलाई. चेन वर्षभरात बिघडली तर फुकट बदलून." यात बढाई कुठे आहे? ही माहिती आहे, फक्त ती खरी असली पाहिजे.

किंमत लपवून "मेसेज करा" लिहू नका.

एकदा जाहिरात टाकून "प्रतिसाद नाही" म्हणणाऱ्यांना काय सांगावं! पहिल्यांदा बहुतेकांच्या नजरेतूनच सुटते. तोच माल दर आठवड्याला नव्या फोटोसह दाखवा: एकदा आतून, एकदा हातात धरून, एकदा वापरताना. विचारपूस करून गेलेल्याला तीन दिवसांनी एकदा विचारा, "पाठवू का?"

भाव आधीच पाडून बसला असाल, तर नव्या गिऱ्हाइकांना आजपासून नवा भाव सांगा. जुन्यांना महिनाभर आधी तारीख कळवा, आणि त्या तारखेला भाव खरंच बदला.