एससीएलएमवर रॅकएफ लावताय? या चुका टाळा

एससीएलएम म्हणजे आयबीएम मेनफ्रेमवर सोर्स कोडच्या लायब्ऱ्या सांभाळणारं टूल, आणि रॅकएफ म्हणजे कुणाला कशाचा अॅक्सेस हे ठरवणारी तिथली सिक्युरिटी. डेव्ह, टेस्ट, प्रॉड अशी हायरार्की झाली, बिल्ड होतंय, प्रमोट होतंय, म्हणजे लायब्ऱ्या सेफ झाल्या असं बऱ्याच टीम्स धरून चालतात. तिथेच घोळ आहे. एससीएलएम चालतं तुमच्याच युजरआयडीच्या अधिकारावर, त्यामुळे डेव्हलपरला त्यातून सेव्ह करायचं तर रॅकएफमध्ये त्या डेटासेटवर (म्हणजे लायब्ररीवर) अपडेट, म्हणजे लिहिण्याचा अधिकार, द्यावाच लागतो, आणि एकदा दिला की तो ३.४ च्या डेटासेट लिस्ट स्क्रीनमधून साध्या एडिटरने तोच मेंबर (लायब्ररीतली फाइल) उघडून बदलणार, एससीएलएमला पत्ताही नाही. पुढच्या दाराला कुलूप, मागचं सताड उघडं. एंडेव्हर या अशाच दुसऱ्या टूलमध्ये लायब्ररीत लिहायचं काम अल्टरनेट आयडीकडे देता येतं, म्हणून तिकडून आलेले लोक इथे हमखास फसतात.

यावर उपाय म्हणजे पॅड्स (प्रोग्रॅम अॅक्सेस टू डेटा सेट्स), म्हणजे अपडेट द्यायचा पण 'व्हेन प्रोग्रॅम' ची अट घालून, ठरलेल्या प्रोग्रॅममधून आलात तरच. ऐकायला सोपं वाटतं. पण टीएसओ सेशनमध्ये (मेनफ्रेमवरच्या लॉगिनमध्ये) प्रोग्रॅम क्लासमध्ये, म्हणजे रॅकएफच्या विश्वासू प्रोग्रॅम्सच्या यादीत, नसलेलं एखादं मॉड्यूल आधीच लोड झालं असेल, कुणाचं तरी आवडतं, लिबडेफने स्वतःची लायब्ररी जोडणारं टूल वगैरे, तर रॅकएफ ते एन्व्हायर्नमेंट अनकंट्रोल्ड धरतं आणि अट पाळूनही आयसीएच४०८आय हा नकाराचा मेसेज येतो, मागोमाग एस९१३ अॅबेंड. मग वैतागून कुणीतरी थेट अपडेट देऊन टाकतं, आणि केलेलं सगळं पाण्यात. तसं करू नका, आधी आयसीएच४२०आय मेसेज शोधा, कुठल्या लायब्ररीतल्या कुठल्या मॉड्यूलमुळे बिघडलं ते त्यात सरळ नावासकट लिहिलेलं असतं. लायब्ररी खरंच विश्वासाची असेल तरच ती प्रोग्रॅम क्लासमध्ये घाला, 'सेटरॉप्ट्स व्हेन प्रोग्रॅम रिफ्रेश' द्या आणि युजरला लॉगऑफ करून परत यायला सांगा, कारण बिघडलेलं सेशन आपोआप सुधारत नाही. कुणाची पर्सनल लोडलिब मात्र कितीही गळ घातली तरी घालू नका.

एससीएलएममध्ये मेंबरला लागणाऱ्या ऑथकोडला सिक्युरिटी समजू नका. कुठला मेंबर हायरार्कीतल्या कुठल्या ग्रुपपर्यंत चढेल एवढंच तो बघतो, माणूस कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

प्रोजडेफ्सची, म्हणजे एससीएलएम प्रोजेक्टची हायरार्की आणि नियम ठरवणाऱ्या डेफिनिशन्सची, लोड लायब्ररी तर लोक विसरूनच जातात!! तिथे अपडेट असलेला माणूस स्वतःची अल्टरनेट प्रोजेक्ट डेफिनिशन असेंबल करून ठेवू शकतो, तुम्ही विचार करून लावलेले नियम त्यात असतीलच असं नाही. ती फक्त अॅडमिनकडे ठेवा, बाकीच्यांना रीड पुरे.

किरकोळ पण रोज सतावणारं: टेस्टिंगसाठी रॅकएफ प्रोफाइल (डेटासेटवरचा नियम) वॉर्निंग मोडमध्ये टाकला आणि तसाच राहिला, मग नियम दिसतो पण कुणालाच अडवत नाही. युजरला रॅकएफ ग्रुपमध्ये कनेक्ट केलं तरी जुन्या सेशनला ते कळत नाही, लॉगऑफ हवाच. आणि डेटासेटचा जेनेरिक प्रोफाइल (नावाच्या पॅटर्नवर चालणारा) बदलला की रिफ्रेश द्या. आयसीएच४०८आय नीट वाचायची सवय लावून घ्या, किती मागितलं, किती मिळालं आणि कुठल्या जेनेरिक प्रोफाइलने अडवलं, सगळं त्यातच असतं, तरी लोक नुसता स्क्रीनशॉट पाठवतात.

आणि एखाद्या मेंबरची तारीख-वेळ एससीएलएमच्या अकाउंटिंग रेकॉर्डशी (त्याने ठेवलेल्या नोंदीशी) जुळत नाही म्हणून बिल्ड अडलं, तर लगेच मायग्रेट मारून (ती नोंद नव्याने बनवून) मोकळे होऊ नका, तो बाहेरून बदलल्याचा तुमच्याकडचा पुरावा तिथेच पुसला जातो. आधी एसएमएफ या सिस्टिम लॉगमधले टाइप ८० (रॅकएफचे) रेकॉर्ड काढून बघा, पण त्यासाठी प्रोफाइलवर यशस्वी अपडेटचं ऑडिट आधीपासून चालू असायला हवं, डिफॉल्टला फक्त फेल झालेले प्रयत्नच नोंदले जातात.