रामटेकला गाडीनं वर जाऊ नका: नगरधन, मनसर अन् मग पायी गड

नागपूरचा माणूस रामटेकला दहादा तरी गेलेला असते, पण कसा? गाडी थेट वरच्या पार्किंगपर्यंत, दर्शन, खिंडसी तलावावर बोटिंग अन् अंधार पडायच्या आत घरी. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आता आम्ही आधी नगरधन, मग मनसर अन् शेवटी अंबाळा तलावावरून पायी गड असं करतो, अन् हा क्रम उगाच नाही, कारण वाकाटकांची, म्हणजे विदर्भावर राज्य केलेल्या जुन्या राजघराण्याची, राजधानीही अशीच हलली. आधी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन, मग दुसऱ्या प्रवरसेनानं प्रवरपूर वसवलं ते मनसरचं असं अभ्यासक मानतात, आणि देवासाठी दोन्हीकडून मान वर केली की हाच रामटेकचा डोंगर.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, किंवा पाऊस चांगला पडून गेल्यावर. एप्रिल-मे मध्ये जायचं डोक्यातही आणू नका, खिशात कांदा ठेवूनही ऊन लागते. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर जत्रा राहते, तेव्हा दर्शन होईल पण फिरणं होणार नाही.

सकाळी सहाला निघा, तर्री पोहे हाणून. गाडी नसेल तर गणेशपेठहून एसटी आहे, इतवारीहून रेल्वेही रामटेकपर्यंत जाते, पण मग रामटेकलाच दिवसभराचा ऑटो ठरवावा लागते आणि पैसे बसायच्या आधी बोलून घ्या, उतरताना नाही.

नगरधन रामटेकच्या दक्षिणेला, दहा किलोमीटरच्या आत. किल्ल्याचा दरवाजा पाहून वाटते हेच वाकाटकांचं, पण आज दिसते ते बांधकाम नागपूरकर भोसल्यांच्या काळातलं, जुनी वस्ती मातीखाली आहे. २०१५ ते २०१८ मध्ये पुरातत्त्व खातं आणि डेक्कन कॉलेजनं इथं खोदकाम केलं तेव्हा प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, जेमतेम ६-७ ग्रॅमची, त्यावर ब्राह्मीत नाव अन् शंख. दुसऱ्या चंद्रगुप्ताची पोरगी, नवरा लवकर गेला, मुलं लहान, म्हणून राज्य हिनंच चालवलं. किल्ल्यात पायऱ्या उतरून जमिनीखाली देवीचं ठाणं आहे, ते चुकवू नका. बाहेरच्या उन्हातून खाली गेलं की एक मिनिट काहीच दिसत नाही, मग हळूच दिवा दिसते, मग कुंकू, मग देवी.

मनसरला फार वेळ लागत नाही. हिडिंबा टेकडी चढायची, विटांचं भलं मोठं बांधकाम पाहायचं, खाली तलाव. विटांवर चढून फोटो काढणारे पोट्टे दिसतातच, तुम्ही नका चढू. सावली जवळजवळ नाही, म्हणून अकराच्या आत इथून निघा, जेवा, अन् दुपारी जरा लवंडा.

तीनच्या सुमारास अंबाळा. तलावाभोवती जुनी देवळं अन् घाट, इथूनच पायऱ्या वर जातात. बूट ग्रिपवाले घाला, पावसाळ्यात दगडावर शेवाळ असते अन् तिथंच लोक घसरतात. माणशी दोन लिटर पाणी, अन् खायचं सगळं बॅगेत चेन लावून. हे अनुभवातून सांगून राहिलो. माझ्या भाच्यानं संत्र्यांची पिशवी हातात धरली होती, एक काळतोंड्या वानर शांतपणे आला, पिशवीचं बूड फाडलं, संत्री पायऱ्यांवरून गडगडत खाली अन् भाचा बोंबलत वर! माकड हिसकत असेल तर सोडून द्या, ओढाओढी करू नका.

वर राममंदिरात सगळेच जातात, पण मला विचाराल तर खरी मजा केवल नरसिंहाच्या देवळात आहे. लाल दगडाचा, बसलेला, एकदम निवांत नरसिंह. मांडीवर हिरण्यकशिपू नाहीच, म्हणून केवल. भिंतीत शिलालेख आहे, चुन्याचे थर काढले तेव्हा तो उजेडात आला, अक्षरांच्या डोक्यावर बारक्या पेट्या कोरल्यासारख्या, वाकाटकांची लिपी ती. मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूनं मारा, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. वराहाची मूर्तीही पाहा, तिच्या पोटाखालून सरपटत जायची जुनी रीत आहे, पण माझं पोट बघता मी ट्राय केला नाही.

प्रभावतीच्या ऋद्धपूर ताम्रपटात "रामगिरिस्वामिनः पादमूलात्" असं आहे, म्हणजे तो ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून दिलेला. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच असं मांडलं, कालिदासाचं स्मारकही टेकडीवरच आहे. पूर्वेकडच्या तटावर जा, खिंडसीचं पाणी दिसते, ढग असतील तर जरा बसा.

सूर्य बुडायच्या आधी उतरायला लागा, अंधारात त्या पायऱ्या लय त्रास देतात. खाली आल्यावर रामटेकचं कपुरी पान खा, आजूबाजूला पानमळेच आहेत, अन् घरच्यांसाठी चारपाच बांधून घ्या, नाहीतर दिवसभर कुठं होता ते सांगायला तोंड राहत नाही.