दुसऱ्या शनिवारच्या आधी: छोट्या बँकेच्या सायबर सुरक्षेची तयारी

शनिवार-रविवारला जोडून सणाची सुट्टी येत असेल, तर नागरी बँकेच्या आयटी विभागाने गुरुवारीच कामाला लागावं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो ११ ऑगस्ट २०१८ हा दिवस दुसरा शनिवार होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर गेले तेही गुरुवारी रात्री, कारण तिथे शुक्रवारी सुट्टी. पैसे पोचले मनिलाला, आणि तिथे सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी होती. चोरांनी कॅलेंडर नीट पाहिलेलं असतं.

म्हणून सगळ्यात आधी सुट्टीत फोन कोण उचलणार ते ठरवा, आणि त्याने नाही उचलला तर दुसरा कोण तेही. एटीएम स्विच (एटीएमला बँकेशी जोडणारी यंत्रणा) सांभाळणारी कंपनी, कोअर बँकिंगचा (खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मुख्य प्रणालीचा) व्हेंडर, देशातली पेमेंट यंत्रणा चालवणारी एनपीसीआय, सायबर हल्ल्यांची दखल घेणारी सरकारी संस्था सर्ट-इन, सायबर पोलीस, सगळ्यांचे नंबर कागदावर छापून ठेवा. हल्ल्याच्या वेळी सर्व्हरवरची फाइल उघडेलच असं नाही. त्याच कागदावर एक ओळ व्यवस्थापकांच्या सहीने हवी: एटीएम स्विच बंद करायचा अधिकार ड्युटीवरच्या माणसाला आहे. माझ्या मते अख्ख्या तयारीत याहून महत्त्वाचं काही नाही. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणेपर्यंत कोट्यवधी रुपये बाहेर गेलेले असतात.

कॉसमॉसमध्ये काय झालं ते नीट समजून घ्या. पैसे काढायची विनंती एटीएमवरून आली की स्विच ती कोअर बँकिंगकडे पाठवतो आणि शिल्लक पाहून होकार मिळतो. चोरांनी मधेच बनावट स्विच बसवला आणि तो परस्पर होकार देत राहिला. बनावट कार्डांवर २८ देशांतून काही तासांत पैसे निघाले. आपल्याकडे कोल्हापूरच्या एटीएममधूनही निघाले. ग्राहकांच्या खात्यांना मात्र धक्काही लागला नाही. म्हणजे नुसतं कोअर बँकिंग पाहत बसलात तर सगळं आलबेलच दिसेल. सुट्टीतही दर दोन-तीन तासांनी स्विचचे व्यवहार आणि कोअर बँकिंगच्या नोंदी ताडून पाहायची पाळी लावा. परदेशातला कार्डवापर ग्राहकाने मागितल्याशिवाय सुरूच ठेवू नका.

दुसरा घाव सोमवारी, १३ तारखेला पडला. स्विफ्टवरून, म्हणजे बँका परदेशी पैसे पाठवायचे संदेश ज्यावरून देतात त्या जाळ्यावरून, १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण आकडा ९४ कोटींवर पोचला. तेव्हा मोठ्या रकमा पाठवायचा संगणक वेगळा असू द्या, त्यावर ईमेल नको. शुक्रवारी संध्याकाळी एकदा त्या टेबलापाशी जाऊन बघा: डिजिटल सहीचा टोकन यूएसबीला तसाच लटकत असेल तर काढून लॉकरमध्ये टाका. नोंद करणारा आणि मंजुरी देणारा यांचे पासवर्ड एकाच डायरीत असतील तर ते त्याच दिवशी बदला.

बांगलादेशात शिरकाव झाला तो नोकरीचा अर्ज म्हणून आलेल्या ईमेलमधून, त्यामुळे अर्ज उघडणाऱ्या ताईंनाही हे समजावून सांगा. अपडेट टाकूनच सुट्टीवर जा. संगणकातल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मे २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवा आणि त्यातली एखादी फाइल खरंच परत उघडून बघा.

या चोऱ्यांमागे दोन थरांची माणसं असतात. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी कॉसमॉसच्या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. तिथपर्यंत आपला हात पोचत नाही. पण आपल्याकडच्या एटीएमसमोर उभं राहून नोटा काढणारे इथलेच होते, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. या थरावर नजर ठेवणं आपल्या हातात आहे. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठतंय का ते तपासा. रखवालदार काकांना सांगून ठेवा, की कोणी खिशातून एकामागून एक कार्ड काढून मशीनमध्ये घालत असेल तर लगेच फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आणि सोमवारी काउंटर उघडण्याआधी तीन दिवसांचे लॉग, म्हणजे संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदी, पाहा. काही वावगं दिसलं तर मशीन फॉरमॅट करू नका, नेटवर्कपासून तोडा, तसंच ठेवा आणि सर्ट-इनला कळवा. लक्षात आल्यापासून त्यासाठी ६ तासच मिळतात.