डोंगरउतारावरच्या चिकण मातीत झाडं लावताय? आधी या चुका टाळा

जून आला की मुंबईत सगळ्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात, रविवारी डोंगरावर झाडं लावायला या, रोपं आहेत, फावडी आहेत, फक्त पाण्याची बाटली आणा. मी मुलुंडच्या बाजूच्या उतारावर परवानगी घेतलेल्या जागेत काही वर्षं जातेय. रोपं मेली की आपण म्हणतो पाणी मिळालं नाही, गुरांनी खाल्ली, वणवा लागला, आणि ते खरंही असतं, पण बरीच रोपं आपण माती न ओळखल्यामुळं गमावतो. ही माती चिकण आहे आणि उतारावर आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की सपाट बागेतले नियम तिथं चालत नाहीत.

पहिली चूक ओळखण्यातच होते. लाल माती चिमटीत घेतली, खरखरीत लागली, की लोक म्हणतात अरे ही तर रेताड आहे. तसं नसतं. चिकणमातीचा कण 0.002 मिलीमीटरपेक्षा बारीक असतो, पण आपल्याकडच्या लाल मातीत लोहाची ऑक्साइडं हे कण एकमेकांना घट्ट चिकटवून त्यांचे छोटे खडे करतात, म्हणून हाताला वाळूसारखं लागतं. थोडं पाणी घालून ती भाकरीच्या पिठासारखी दोन-तीन मिनिटं नीट मळा. मळता मळता खडे फुटतात आणि माती हळूहळू चिकट होत जाते, हे बोटांना स्पष्ट कळतं. मग अंगठा आणि बोटामधून पट्टी काढा, न तुटता 5 सेंटीमीटरच्या वर गेली तर चिकणमाती भरपूर आहे समजा. बरणीत पाणी घालून हलवायची टेस्ट करणार असाल तर चिमूटभर डिटर्जंट घाला, नाहीतर तेच खडे तळाला बसतात आणि तुम्ही ती वाळू म्हणून मोजता.

आणि हिला देशावरची काळी माती समजू नका. दगड दोन्हीकडे बेसॉल्टच, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, पण डोंगरावर पाऊस इतका पडतो की चुना आणि बरीचशी सिलिका धुऊन जाते, मागे राहतं लोह, ॲल्युमिनियम आणि केओलिनाइट नावाचं चिकण खनिज. ते पाण्यानं फारसं फुगत नाही. काळ्या मातीतलं स्मेक्टाइट फुगतं आणि उन्हाळ्यात भेगा पाडतं. त्यामुळं सोलापूरच्या शेतातले उपाय ठाण्याजवळच्या येऊरच्या उतारावर वापरून उपयोग नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक, भर पावसात खड्डे खणणं. आम्ही एका जुलैत हेच केलं. तीस-चाळीस जण होतो, उत्साह प्रचंड, गोल गोल खड्डे भराभर काढले. तेव्हा मला एका खड्ड्याची भिंत अजून आठवते, फावड्याचं पातं फिरल्यावर ती इतकी गुळगुळीत झाली होती की आभाळाचा उजेड त्यात चमकत होता, आणि आम्हाला वाटलं व्वा, काय सुंदर खड्डा झालाय. सप्टेंबरमध्ये पिवळी पडलेली रोपं उपटून बघितली तर मुळं त्या भिंतीला अडून गोल गोल फिरली होती, तळाला पाणी आणि गटारासारखा कुजका वास. ओल्या चिकणमातीवर लोखंड घासलं की मातीतली छिद्रं लिंपली जातात आणि खड्ड्याचं मडकं होतं. पाणी बाहेर जात नाही, मूळही जात नाही.

म्हणून खड्डे एप्रिल-मेमध्ये काढा, पहार लागते, घाम निघतो, पण भिंती खडबडीत राहतात. पावसातच काढायची वेळ आली तर आधी मुठीत मातीचा गोळा दाबून बोटानं टोचा, फुटला तर खणा, नुसताच चपटा झाला तर त्या दिवशी फावडं खाली ठेवा. खड्डा गोल नको, चौकोनी करा, कोपऱ्यातून मुळं बाहेर निघतात. भिंत चकचकीत झालीच असेल तर खुरप्याच्या टोकानं सगळीकडून ओरखडे काढा. आणि चाळीस माणसं एकाच पायवाटेनं वर-खाली करत असतील तर थांबवा, ओली चिकणमाती पायाखाली दाबली गेली की पुन्हा भुसभुशीत व्हायला वर्षं लागतात.

खड्ड्यात काय भरायचं यावरही गोंधळ असतो. कोकोपीट, शेणखत, वाळू असं भारी मिश्रण भरलं की रोपाला बरं वाटेल असं आपल्याला वाटतं, बाल्कनीतली सवय. पण आजूबाजूला चिकणमाती आणि मध्ये सैल मिश्रण, म्हणजे उतारावरून झिरपणारं सगळं पाणी त्या सैल जागेत येऊन साचणार. मूळही बाहेरच्या घट्ट मातीत शिरायचा कंटाळा करतं. थोडीशी वाळू मिसळून माती सुधारते हा तर निव्वळ गैरसमज, फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते, त्याच्या आत ती विटेसारखी घट्टच होते. निघालेलीच माती ढेकळं फोडून परत भरा, कुजलेलं खत थोडंच.

पालापाचोळा झाडून जागा स्वच्छ करणं, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. केओलिनाइटला खतद्रव्यं धरून ठेवायची ताकद फारच कमी, प्रयोगशाळेच्या मापात 100 ग्रॅमला 3 ते 15 मिलीइक्विव्हॅलंट, स्मेक्टाइटची 80 ते 120. मग जंगल जगतं कशावर? वरच्या काही इंचांतल्या कुजलेल्या पाल्यावर. तो थर काढला की खाली उरते ती उपाशी लाल माती. दुसरं म्हणजे पाऊस. मुंबईत वर्षाला 2000 मिमीच्या वर पाऊस आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पडला. असा थेंब उघड्या मातीवर आपटला की कण सुटे होतात, छिद्रं बंद होतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी न मुरता गढूळ होऊन पळतं. तीच माती पाल्याखाली असेल तर गांडुळांच्या, वाळवीच्या, जुन्या मुळांच्या बिळांतून पाणी आरामात आत घेते, चिकण असूनसुद्धा. म्हणून रोपाभोवती हातभर जागा मोकळी करा, बाकी हात लावू नका. कारवीची झुडपं तर अजिबात तोडू नका, सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते म्हणून नाही फक्त, तिची दाट मुळं उतार धरून ठेवतात. घरच्या कुंड्यांसाठी जंगलातली माती भरून आणणंही नको, 1927 च्या भारतीय वन कायद्यात वरची माती वनोपजात धरलेली आहे.

रासायनिक खताबद्दल थोडक्यात, या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) पकडून ठेवतात, झाडाला मिळू देत नाहीत. डीएपी हे स्फुरदाचं खत पसरून फेकलं तर वाया जातं, द्यायचंच असेल तर शेणखतात मिसळून मुळाजवळ.

चरांचं मात्र जपून करा. सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे एकाच पातळीत खणलेले लांब चर, मंद उताराला, मुरमाड जमिनीला छान, पण उभ्या उतारावर खाली दगड आणि वर जाड मातीचा थर असेल तिथं पाणी अडवून मुरवणं धोक्याचं आहे. भिजलेल्या मातीचं वजन वाढतं, आतल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची पकड सुटते आणि थर दगडावरून घसरतो. माळीण 2014, तळिये 2021, इर्शाळवाडी 2023, तिन्ही जुलैतल्या जोरदार पावसातल्या दरडी. वरच्या अंगाला कमानीसारखी भेग दिसली, झाडं किंवा खांब अचानक कलले, नवीन ठिकाणाहून झरा फुटला किंवा जुन्या झऱ्याला गढूळ पाणी आलं तर फोटो काढत बसू नका, खालच्या वस्तीला सांगा, तिथून निघा आणि प्रशासनाला कळवा.

ऑगस्टमध्ये रोप पिवळं पडलं तर लगेच खत घालू नका. शेजारी पहारीनं हातभर भोक पाडा आणि माती बघा. राखाडी मातीत गंजासारखे चट्टे दिसले म्हणजे पाणी वर्षानुवर्षं तिथं थांबतंय, खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूनं वीतभर खोल तिरकी नाली काढून द्या. पावसानंतर त्याच जागी भोक पाण्यानं भरा, जिरल्यावर परत भरा, दुसरं पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं तर तिथं साग लावू नका, करंज, जांभूळ किंवा अर्जुन लावा.