रीफ टँकमधले फ्लॅटवर्म: औषधाची बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, वाळूवर, पाण्याचा प्रवाह जिथे मंद असतो तिथे गंजाच्या रंगाचे चपटे ठिपके दिसायला लागतात. जेमतेम काही मिलिमीटरचे, मागच्या टोकाला तीन पाकळ्यांसारखी शेपटी. हे लाल फ्लॅटवर्म, शास्त्रीय नाव कन्व्होल्युट्रिलोबा. त्यांच्या शरीरात शैवाल असतं, म्हणून त्यांना उजेड हवा असतो, आणि अंगालाच नवे अंकुर फुटून ते वाढत असल्यामुळे बघता बघता वाळू लाल दिसायला लागते. अशा वेळी बहुतेक जण तडक औषध आणतात. टँकचं खरं नुकसान पुष्कळदा तिथूनच सुरू होतं.

पहिली चूक म्हणजे किडा न ओळखता उपाय करणं. काचेवर फिरणारे बारीक, पारदर्शक किडे बहुधा कोपेपॉड (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) खाऊन जगतात, त्यांना सोडून द्या. मशरूम किंवा युफिलिया या कोरलच्या अंगावर चिकटलेले तपकिरी गोल ठिपके वामिनोआ या किड्याचे असतात. ते मांस खात नाहीत, पण दाटी झाली की कोरलचा उजेड अडवतात. अ‍ॅक्रोपोरा हे कठीण कोरल खाणारा फ्लॅटवर्म मात्र वेगळाच प्राणी आहे. तो कोरलच्या रंगात इतका मिसळतो की किडा दिसतच नाही, दिसतात ते चावल्याचे फिकट गोल डाग. गंमत म्हणजे 2011 साली या किड्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते मत्स्यालयांमधल्या नमुन्यांवरून. ग्रेट बॅरियर रीफवर तो सापडल्याची नोंद त्यानंतरची.

लाल फ्लॅटवर्मवर औषध चालतं. बाजारातलं फ्लॅटवर्म एक्झिट बहुतेकांना माहीत असतं. अडचण अशी की हे किडे मरताना अंगातलं विष पाण्यात सोडतात. दहा-वीस किडे मेले तर काही बिघडत नाही. हजारो एकदम मेले की पाण्याला लालसर छटा येते, मासे धापा टाकायला लागतात आणि तासाभरात मरूही शकतात. दोष मग औषधाला दिला जातो. खरं तर औषधाआधी सायफन लावायचा, म्हणजे नळीने किडे ओढून काढायचे, राहिलेले असतात.

म्हणून क्रम पाळा. आधी काही दिवस पातळ नळीने मिळतील तितके किडे ओढून काढा, दिवे चालू असताना, कारण तेव्हाच ते उघड्यावर येतात. हे पाणी बादलीत घ्या आणि फेकून द्या. फिल्टर सॉकमधून (गाळणीच्या पिशवीतून) गाळून सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीत, परत सोडण्याची काटकसर इथे नको. काचेवरचे किडे स्क्रेपरने चिरडूही नका, विष टँकमध्येच राहतं. औषधाच्या दिवशी निदान पाव टँक बदलता येईल इतकं मिठाचं पाणी आदल्या दिवशीच कालवून, तापमान जुळवून ठेवा. ताजा कार्बन (पाण्यातलं विष आणि औषध शोषणारा कोळसा) धुऊन हाताशी हवा. औषध टाकताना जुना कार्बन आणि यूव्ही दिवा बंद, पॉवरहेड (प्रवाहाचा पंप) जोरात, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन चालू. लेबलवर दिलेला वेळ संपला की तरंगणारे किडे ओढून घ्या, कार्बन लावा, पाणी बदला. मासे त्याआधीच अस्वस्थ दिसले तर वेळ पुरी होण्याची वाट बघू नका.

मात्रेचा हिशेबही इथेच चुकतो. 4 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक कागदावर 255 लिटरचा भरतो. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी बरंच कमी निघतं. सम्प असेल तर त्यातलं पाणी वेगळं मिळवा. गुरांच्या जंताचं औषध स्वस्त मिळतं म्हणून अंदाजाने ओतणारेही आहेत. त्याची तीव्रता वेगळी असते, आणि अशा बाबतीत अंदाज मला पटत नाही. मोठा डोस देण्यापूर्वी कपभर टँकच्या पाण्यात चार किडे घेऊन त्याच प्रमाणात औषध टाकून पाहा. मेले नाहीत तर पूर्ण टँकमध्ये ओतण्यात अर्थ नाही. तांबं असलेलं औषध तर रीफ टँकच्या जवळही नको, कोरल आणि कोळंबी दोन्ही जातील. गोड्या पाण्यातल्या प्लॅनेरियासाठी सुपारीच्या अर्काची पावडर मिळते, तीही तिथेच राहू द्या.

एकदा औषध दिलं आणि किडे दिसेनासे झाले की काम झालं असं समजू नका. खडकाच्या फटीत काही उरतातच. आठवडाभराने पुन्हा डोस द्या. या वेळी मरणारे थोडे असल्याने धोकाही कमी.

अ‍ॅक्रोपोरावरच्या किड्याचं गणित निराळं आहे, तिथे खरी लढाई अंड्यांशी असते. डिपमध्ये, म्हणजे कोरल औषधी पाण्यात बुडवल्यावर, किडे सुटतात, पण अंडी मरत नाहीत. कोरलच्या तळाशी, जिथे मांस नाही अशा उघड्या सांगाड्यावर सोनेरी-तपकिरी ठिपक्यांचे पुंजके शोधा आणि खरवडून काढा. त्याहून बरं म्हणजे तो भागच तोडून टाका. जुना फ्रॅग प्लग, म्हणजे कोरलचा तुकडा (फ्रॅग) चिकटवलेली बैठकही फेका. पाण्याच्या तापमानाप्रमाणे अंडी फुटायला साधारण दीड ते तीन आठवडे लागतात, म्हणून दर आठवड्याला डिप, तेही सलग दीड-दोन महिने. शक्य असेल तर सगळे अ‍ॅक्रोपोरा वेगळ्या टँकमध्ये हलवा. खायला अ‍ॅक्रोपोराच नसला की मुख्य टँकमधले किडे उपाशी मरतात.

मासे आणून प्रश्न सुटेल ही आशाही फार धरू नका. पिवळा रास किंवा सिक्स-लाइन रास काही टँकमध्ये किडे टिपतात, काहींत ढुंकूनही बघत नाहीत. केलिडोन्युरा व्हेरियन्स ही निळ्या रेघांची समुद्री गोगलगाय लाल फ्लॅटवर्म खरोखर फस्त करते. पण ती दुसरं काही खात नाही, त्यामुळे किडे संपले की तीही संपते. पॉवरहेडमध्ये ओढली जाऊनही मरते. शेजारच्या कुणाकडे किडे असतील तर तिला वेळेत तिकडे पाठवा.

किडे टँकमध्ये येतात ते नव्या कोरलवरून, खडकावरून, कधी दुकानातल्या पिशवीतल्या पाण्यातून. पिशवीतलं पाणी टँकमध्ये कधीच ओतू नका. प्रत्येक फ्रॅग डिप करा, डिपच्या भांड्याच्या तळाशी काय पडलं ते भिंगातून बघा, मग काही आठवडे वेगळा ठेवा. भारतात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: रीफ बांधणारे सगळे कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे दुकानदार अ‍ॅक्रोपोराचा तुकडा हळूच पुढे करत असेल तर किड्यांची तपासणी करायची वेळच येऊ देऊ नका.